नाक बंद, विमान बंद

सोमवार, ६ मे

दादा,

दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या सख्ख्या भावाला पत्र लिहायची वेळ यावी, मला आधी याचाच राग आलाय. तू फोन उचलत नाहीस. निरोपाला उत्तर देत नाहीस. परवा तुमच्या जिन्यात समोर आलास तर फोनवर बोलतोयस असं दाखवलंस. फोन उलटा धरला होतास. म्हणून हे लिहून तुमच्या खालच्या पत्रपेटीत टाकतेय. विजेचं बिल समजून तरी उघडशील. मायना घालण्याच्या मनःस्थितीत मी नाही, तेव्हा थेट भांडणावर येते.

वैमानिक संघटनेच्या ग्रुपवर मला ‘फितूर’ म्हणतात. ते तू लिहिलं नाहीस हे मान्य. पण संघटनेचा सचिव तू, आणि तू ते खोडलंही नाहीस.

तिसऱ्यांदा पगार कापला तेव्हा मी तुमच्याइतकीच चिडले होते. ब्रीफिंगच्या खोलीतलं कॉफीचं यंत्र उचलून नेलं, भिंतीला चार भोकं राहिली, आणि त्या भोकांवर ‘आपण एक कुटुंब आहोत’ असं पत्रक चिकटवलं, तेव्हा तुझ्या शेजारी उभी राहून मीच मोठ्याने हसले होते. कंपनी बुडते आहे हे झाडूवाल्यालाही दिसतंय. पण तुम्ही शोधलेला उपाय मला पटला नाही, आजही पटत नाही. संप करायचा तर संप म्हणा. उघड संपाला कायदा आडवा येतो, म्हणून चाळीस धडधाकट वैमानिकांनी एकाच सकाळी पोट धरून झोपायचं, याला लढा म्हणायचं? गृहपाठ न केलेली मुलं करतात हे.

आणि आदल्या संध्याकाळी मी तुझ्याच घरी होते. नाक गच्च, डोळ्यांतून पाणी, शिंकून शिंकून बरगड्या दुखत होत्या. वहिनी वाफारा घे म्हणून मागे लागली होती. तेव्हा तुझ्या त्या चार मित्रांसमोर, माझं लहानपणीचं चिडवायचं नाव घेऊन, तू काय म्हणालास ते आठवतं?

“वा, तपासनीस! आमच्यात तूच नशीबवान. तुला खोटं बोलावंच लागणार नाही.”

सगळे हसले. मीही हसले, कारण विनोद चांगला होता. पण घरी येईपर्यंत तो खड्यासारखा बुटात टोचत राहिला.

मी खरंच आजारी होते, दादा. पण ‘आजारी’ हा शब्द तुम्ही इतका मळवून ठेवला होता की मला तो तोंडात घेववेना. ऑफिसला फोन केला असता तर मी तुमच्या चाळिसांतली एक्केचाळिसावी झाले असते. माझं खरं तुमच्या खोट्यात जमा. म्हणून गणवेश चढवला आणि गेले. साहेबांना खूश करायला गेले नव्हते. तुला दाखवायला गेले होते.

सुखरूप गेले, सुखरूप आले. सध्या रजेवर आहे. शिल्लक होती म्हणून घेतली, दुसरं काही कारण नाही. आई हल्ली फार पुटपुटते, जेवताना तिला टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसवलंय, तर ती म्हणते, “माझी जागा बदलणारी तू कोण?” या घरात सगळ्यांचाच पारा चढलेला आहे.

उत्तर दे.

तपासनीस


बुधवार, १५ मे

दादा,

उत्तर नाही. वहिनीने आईचा डबा परत पाठवला तेव्हा चिठ्ठी असेल म्हणून मी झाकण आतून-बाहेरून बघितलं. रिकामा डबा, स्वच्छ घासलेला. तुझ्यापेक्षा त्या डब्याला माणुसकी आहे.

आता ऐक. मोठ्या साहेबांच्या ऑफिसमधून फोन आला होता. ब्रीफिंगच्या खोलीत माझा फोटो लावणार आहेत. खाली एकच शब्द : निष्ठा. कुठे लावणार, विचार. कॉफीच्या यंत्राच्या जागी! मी म्हटलं, “माझ्यापेक्षा यंत्रच परत लावा ना, लोक जास्त निष्ठावान होतील.” पलीकडच्या बाई म्हणाल्या, “मॅडम, छान बोलता तुम्ही. हेही छापू का?”

फोटो काढणारा घरीच आला. माझ्या डाव्या हाताला उभा राहून काही सांगत होता. तिसऱ्यांदा सांगितल्यावर समोर येऊन म्हणाला, “मॅडम, माझ्यावर नाराज आहात का? हनुवटी वर करा म्हणतोय केव्हाचा.”

नाराज नव्हते. मला ऐकू आलं नव्हतं. आई पुटपुटत नाही, दादा. माझ्या डाव्या कानाचा पडदा फाटला आहे.

लिहून टाकलं. बरं वाटलं नाही, पण लिहून टाकलं.

तुला बाबांच्या दोन खुर्च्या आठवत असतील. विमानाचं तोंड बघायच्या आधी त्यांनी आपल्याला जेवणाच्या टेबलाशी विमान शिकवलं. खुर्च्या शेजारी-शेजारी, डावीकडे कॅप्टन तू, उजवीकडे को-पायलट मी. मी कितीही भोकाड पसरलं तरी खुर्च्या बदलल्या नाहीत. एकाने विचारायचं, दुसऱ्याने बघून उत्तर द्यायचं. न बघता दिलेलं उत्तर म्हणजे त्यांच्या लेखी शिवी. अजूनही घराबाहेर पडताना चालतंच ते : गॅस? बंद. किल्ली? खिशात. आणि उड्डाणाच्या दिवशी दारातला शेवटचा प्रश्न : नाक? मग नाक चिमटीत धरून गिळायचं, दोन्ही कानांत टक् झालं की म्हणायचं, मोकळं. नाक बंद, विमान बंद. हे आपण पाढ्यांच्या आधी शिकलो.

त्या सकाळी बाबा दारात उभे होते.

“नाक?”

मी बुटांचे बंद बांधत होते. मान वर न करता म्हटलं, “मोकळं.”

तुम्ही चाळीस जण फोनवर एका कारकुनाशी खोटं बोललात. मी बाबांशी बोलले. तुला त्या फोनवरून नावं ठेवायला मला तोंड उरलेलं नाही, हे मला कळतं. तरी ठेवतेय, कारण राग गेलेला नाही.

ब्रीफिंगच्या खोलीत त्या दिवशी कंपनीचे डॉक्टर टेबल मांडून बसले होते. जो येईल त्याला तपासूनच विमानात पाठवायचा हुकूम होता. माझ्या हातात ओला रुमाल. ते म्हणाले, “जीभ?” मी दाखवली. “छान. सर्दी का? हवाच तशी आहे.” आणि सही केली, ‘उड्डाणास योग्य’. नाकाकडे, कानाकडे बघितलंसुद्धा नाही. मी बघू दिलं नाही असंही म्हणता येईल.

कॅप्टन कोण मिळाला असेल? इस्त्रीसाहेब. वर्षभर ऑफिसात फाइली दाबत बसलेले, गणवेशाची घडी न मोडलेले. उडवायला कोणी उरलं नाही म्हणून खुर्चीतून उठवून आणलेले. चढताना काही झालं नाही. उतरायला लागलो आणि डाव्या कानात कोणीतरी सुई धरून हळूहळू पुढे ढकलतंय असं वाटायला लागलं. बाहेर दाब वाढतो, चोंदलेल्या नाकातून तो आत पोचत नाही, पडदा आत दबत जातो. हे मला पाठ होतं, याचीच लाज वाटते. नाक धरून गिळलं, जबडा हलवला, काही नाही. रेडिओ माझ्याकडे होता. खालून टॉवरने दोनदा हाक मारली, मला कळलंच नाही. इस्त्रीसाहेबांनी स्वतः उत्तर दिलं आणि माझ्याकडे बघितलं. मागे दीडशे माणसं बसली होती. त्यांच्यातल्या कोणी तुझा विनोद ऐकला नव्हता. त्यांचा काय संबंध आपल्या भांडणाशी?

मग कानात काहीतरी फाटलं आणि दुखणं एकदम थांबलं. मानेवर ऊन ओघळ आला. मला वाटलं, घाम.

कानाच्या डॉक्टर म्हणतात, भोक आपोआप बुजेल, किंवा शस्त्रक्रिया करावी लागेल. तोवर उडणं बंद. मी कंपनीला कळवलेलं नाही, साधी रजा टाकली आहे. कळवलं तर पहिला प्रश्न येणार, सर्दी असताना गेलातच कशा? आजारी आहे हे माहीत असून विमानात बसले, म्हणजे लायसन्सवर गदा. मला दुसरं काही येत नाही, दादा. तुला निदान मोटार दुरुस्त करता येते.

आई-बाबांना सांगायची छाती नाही. तुझ्याशिवाय हे कोणाला माहीत नाही. आणि तू वाचतोयस की नाही हे मला माहीत नाही.

तपासनीस


मंगळवार, २८ मे

दादा,

नोटीस तुम्हा चाळिसांना आली, आणि मलाही आली. तुम्ही आरोपी, मी साक्षीदार. वाचून मी स्वयंपाकघरात इतक्या जोरात कपाट आपटलं की आई म्हणाली, “आधी त्याने बोलणं सोडलं, आता तू फर्निचर मोडू नकोस.”

कंपनीचं म्हणणं सरळ आहे. त्याच डॉक्टरांनी त्या दुपारी कंपनीच्या गाडीतून घरोघर फिरून तुमच्या जिभा बघितल्या आणि प्रत्येकापुढे लिहिलं : तंदुरुस्त. म्हणजे तुम्ही सगळे खोटारडे, म्हणजे चाळीसच्या चाळीस बडतर्फ. कंपनी बुडायच्या आधी चाळीस पगार कमी. आणि बडतर्फ वैमानिकाला दुसरी कुठलीही कंपनी दारात उभं करणार नाही. चौकशीत माझं काम एवढंच : डॉक्टरांनी मला नीट तपासलं, योग्य ठरवलं आणि मी ठणठणीत उडाले, असं सांगायचं. मग त्यांच्या सहीची किंमत सोन्याची.

मी खरं सांगितलं तर त्या सहीची किंमत शून्य. ज्याला माझं गळकं नाक दिसलं नाही, त्याने तुमच्या जिभेवरून तुम्हाला खोटं कसं ठरवायचं? तुम्ही सुटाल, मी अडकेन. मला सगळ्यात चीड कशाची येते सांगू? तुम्ही खोटंच बोलला होतात. आणि माझ्या खऱ्यावर तुमचं खोटं तरून जाणार.

तरीही सांगणार आहे. रविवारी आधी बाबांना सांगितलं.

ते गच्चीत जुन्या बुटांना पॉलिश करत होते. सगळं ऐकून घेतलं. ब्रश खाली ठेवला नाही.

“उत्तर बघून दिलं होतंस?”

“नाही.”

त्यांनी त्याच बुटावर पुन्हा ब्रश फिरवला. मग म्हणाले, “मीही बघून विचारलं नाही. तुझा आवाज नाकातून येत होता. मला ऐकू आलं होतं.”

“मग अडवलं का नाहीत?”

“त्या दिवशी दोघांपैकी एकाचं तरी विमान उडावं असं वाटलं. हा घरात बसलाय ते मला सहन होत नव्हतं.” आणि पुढे, “माझी चूक मोठी. माझे कान चांगले आहेत.”

आई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, “या घरात विमानांच्या नाड्या सगळ्यांना कळतात. माणसाला शिंक आली की सगळे आंधळे!” आणि माझा डावा कान धरून उजेडात नेऊन बघायला लागली, जसं काही तिला दिसणार होतं.

आता तुझ्यासाठी. चौकशीत मला विचारतील, आदल्या संध्याकाळी भावाच्या घरी काय ठरलं? तर मी खोटं बोलणार नाही. ‘आठवत नाही’ही म्हणणार नाही, मला तू कुठल्या पेल्यातून पाणी पीत होतास तेही आठवतंय. डॉक्टरांची सही खोटी ठरवून बाकीच्या एकोणचाळिसांना मी वाचवू शकते, पण तो प्रश्न आला तर तुला नाही वाचवू शकत. ठरवणारा तू होतास. एकदा ‘मोकळं’ म्हणून झालंय, तेवढं या जन्माला पुरे.

म्हणून आधी कळवतेय. गाफील राहू नकोस. वाटलं तर ये आणि समोर उभा राहून मला शिव्या दे. पत्रपेटीतून काही येत नाही, हे मला आता अगदी सहन होत नाही.

तपासनीस


शनिवार, २२ जून

दादा,

जे घडलं ते तुझ्यासमोरच घडलं, तरी लिहिते. त्या खोलीत मला निम्मंच ऐकू येत होतं. माझ्या बाजूने काय झालं ते तुला कळायला हवं.

टेबलापलीकडे तिघे बसले होते. मधले गृहस्थ पेन उघडत होते, बंद करत होते. माझा फोटो त्यांच्या फाइलीला पिनेने लावलेला दिसला. ‘निष्ठा’ हा शब्द पिनेखाली गेला होता. डॉक्टर भिंतीशी. इस्त्रीसाहेब खिडकीशी, घडी तशीच. तू समोर, हाताची घडी घालून, मला ओळखत नसल्यासारखा.

“डॉक्टरांनी तुम्हाला तपासलं?”

“जीभ बघितली.”

“आणि तुम्ही योग्य होता.”

“नाही. सर्दी होती, नाक बंद होतं. मला माहीत होतं, तरी गेले. उतरताना कानाचा पडदा फाटला.” आणि मी त्याच संध्याकाळचा दवाखान्याचा कागद पुढे सरकवला.

पेन उघडंच राहिलं. डॉक्टर म्हणाले, “तुम्ही मला सांगितलं नाहीत.” मी म्हटलं, “नाही सांगितलं, तो माझा दोष. तुम्ही बघितलं नाहीत, तो तुमचा.” खिडकीशी इस्त्रीसाहेब खाकरले. “दोन हाका तिने ऐकल्या नव्हत्या. मी अहवालात लिहायला हवं होतं. नाही लिहिलं.” त्यांच्यात माणूस आहे, हे मला त्या दिवशी प्रथमच कळलं.

मग तो प्रश्न आला. मधल्या गृहस्थांनी पेन माझ्यावर रोखलं. “आदल्या संध्याकाळी तुम्ही सचिवांच्या घरी होता. तिथे काय ठरलं?”

मी तोंड उघडलं. आणि तू खुर्ची मागे ढकललीस.

“अहो, तिला कशाला विचारता? ती खरं सांगेल आणि वर तुमचं टिपण नीट उतरलंय का तेही तपासेल. मी सांगतो. मी ठणठणीत होतो. बेत माझा. बाकीच्यांनी माझं ऐकलं. आणि ही सर्दीने बेजार असताना मी हिची थट्टा केली, म्हणून ही गेली. तेही लिहून घ्या.”

माझी पत्रं तू वाचली होतीस तर. सगळी.

यानंतर काय झालं ते हसण्यासारखं आहे, पण मला अजून हसू येत नाही. डॉक्टरांच्या सह्या रद्द, एकोणचाळीस सुटले. तुझ्या बडतर्फीचं पत्र तयार व्हायला आठवडा लागणार होता. तेवढ्यात कंपनीच झोपली. तेल देणाऱ्यांनी तेल बंद केलं, सगळी उड्डाणं रद्द, फाटकाला कुलूप. तुझं पत्र टाइप करणाऱ्या बाई आधीच घरी गेल्या होत्या. म्हणजे तू ना नोकरीत, ना बडतर्फ. मी परवा माझं सामान आणायला गेले होते. विमानं ओळीने उभी आहेत, इंजिनांची तोंडं लाल कापडाने बांधलेली. भिंतीवरचा माझा फोटो मी काढून आणला. खाली चार भोकं तशीच आहेत.

लायसन्सची चौकशी लागली आहे. काय होईल ते कोणी सांगत नाही. कानाच्या डॉक्टर म्हणतात, भोक लहान होतंय. पुढच्या महिन्यात पुन्हा बघू. मी रोज सकाळी उठून आधी नाक धरून गिळायला जाते, मग आठवतं की तेवढंच करायचं नाहीये. माझी सवय आणि माझं औषध यांचंही भांडण आहे.

आणि आता हे नवीन काय? काल आई तुझ्याकडून आली ती फणकारतच. “तो म्हणतो, चौकशी संपल्यावर व्हरांड्यात मी हिच्याशी बोललो तर ही मान फिरवून चालायला लागली. म्हणतो, आता माझं बोलून झालं. अरे, तुम्ही दोघं मिळून मला वेडी करणार आहात का?”

दादा, तू कुठल्या बाजूने आलास?

मी जिन्याकडे तोंड करून उभी होते. खिडकी माझ्या उजव्या हाताला होती. म्हणजे तू डावीकडून आलास, माझ्या कानाशी काहीतरी बोललास आणि उत्तराची वाट बघत उभा राहिलास. जिन्यावरून खाली उतरताना मी काय विचार करत होते सांगू? की एवढं सगळं होऊनही माझा भाऊ माझ्याशी एक शब्द बोलला नाही. घरी येईपर्यंत रिक्षात रडले. दीड महिना तू गप्प बसलास, आणि बोललास तो नेमका त्या कानात! तुला नेम धरून मारता आलं नसतं इतकं अचूक.

उद्या रविवार आहे. बाबांनी टेबलाशी खुर्च्या मांडल्या आहेत. आपल्या जुन्या दोन, शेजारी-शेजारी, आणि कोणी काही विचारलं नाही तरी स्वतःच म्हणाले, “या वेळी तिला डावीकडे बसू दे.” आईने विचारलं, “का, बढती झाली का तिची?” तर म्हणाले, “नाही, तो उजवीकडे बसला तर तिला ऐकू येईल.” बढतीचं बोलायला आता कंपनीही नाही. पण सांगून ठेवते, एकदा डावीकडे बसले की मी उठणार नाहीये.

जेवायला ये. वहिनीलाही आण. दारात बाबा विचारतील त्याची उत्तरं नीट बघून दे. मग येऊन उजवीकडे बस, आणि व्हरांड्यात काय म्हणालास ते पुन्हा एकदा म्हण. शिवी असली तरी चालेल.

या वेळी मी ऐकून उत्तर देईन.

तपासनीस